आज बर्फ किती आहे, ते खरं सांगा: स्की रिसॉर्टचा सकाळचा रिपोर्ट आणि आपलं दुकान



या आठवड्याच्या व्हिडिओत मी पाच-सात मिनिटं स्की रिसॉर्टच्या स्नो रिपोर्टवर बोलले आणि खाली लगेच कमेंट आल्या. "ताई, सांगलीत बसून बर्फाचं काय काढलंत?" एकाने तर लिहिलं, "आमच्याकडे फ्रीजमध्येसुद्धा बर्फ टिकत नाही, लाईट जाते."

हसले मी. प्रश्न बरोबरच आहे. मी आयुष्यात एकदाही स्कीइंग केलेलं नाही. माझं दुकान रेनकोट, बॅगा आणि जॅकेटचं. पण ज्या धंद्यात माल रोज बदलतो आणि गिऱ्हाईक लांबून येतं, तिथे रोज सकाळी लोकांना काय आणि कसं सांगायचं, हे मला या रिपोर्टवरून समजलं. व्हिडिओत घाई झाली, म्हणून इथे नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. आजची परिस्थिती आज सकाळी, जशी आहे तशी सांगणं ही छोट्या उद्योजकाची सगळ्यात चांगली जाहिरात आहे. आणि आपल्यापैकी बहुतेक जण ती करत नाहीत. मीही करत नव्हते.

काकूंचे बूट

जानेवारी २०२४ ची गोष्ट. आमच्याच भागातल्या एक काकू दुकानात आल्या. सोबत काका, मुलगा आणि सून. सगळे काश्मीरला निघालेले, टूरमध्ये गुलमर्ग होतं. साठी ओलांडलेल्या काकूंना आयुष्यात एकदा बर्फात उभं राहायचं होतं, एवढंच. चार जॅकेट, चार जोड बर्फाचे बूट, हातमोजे, कानटोप्या. बिल नऊ हजार चारशे.

पैसे देताना काकूंनी सहज विचारलं, "असंल ना गं बर्फ तिथं?"

आता लक्ष देऊन वाचा. त्या वर्षी जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. जिथे पांढरे उतार असतात तिथे तपकिरी गवताचे फोटो सगळीकडे फिरत होते. त्याच सकाळी मी तो फोटो माझ्या फोनवर पाहिला होता. आणि तरीही मी म्हणाले, "असणारच की काकू, जानेवारी आहे!"

टूरवाल्याने त्यांना "काळजी करू नका" असंच सांगितलं होतं. पण टूरवाल्याचं सोडा. माझ्या काउंटरवर मला विचारलं होतं आणि मला माहीत होतं.

महिनाअखेरीला गुलमर्गला बर्फ पडला. तोपर्यंत काकू परत आल्या होत्या. त्या पुन्हा दुकानात आल्या, हातात बुटांचे चार खोके. टॅगसुद्धा तसेच. "घालायची वेळच आली नाही गं. परत घेतेस का?" मी घेतले, पूर्ण पैसे दिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुला ठाऊक होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. गप्प बसले, आणि त्यातच त्यांना उत्तर मिळालं.

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित टूर रद्द झाली नसती, पैसे भरलेले होते. पण त्यांनी तारीख पुढे ढकलता येते का, हे विचारलं असतं. निदान बूट तरी घेतले नसते, आणि मनाची तयारी करून गेल्या असत्या. मी त्यांची ती संधी चार जोड बुटांसाठी घालवली.

त्यानंतर मी शोधायला लागले की ज्यांचा सगळा धंदाच बर्फावर आहे, ते लोक गिऱ्हाइकाला काय सांगतात?

स्नो रिपोर्टमध्ये असतं काय?

अमेरिका, कॅनडा, युरोप, जपान, कुठल्याही स्की रिसॉर्टची वेबसाईट हिवाळ्यात उघडा. पहिल्या पानावरच आजचा रिपोर्ट सापडतो. कारण सरळ आहे. त्यांचा माल म्हणजे बर्फ, आणि तो एका रात्रीत बदलतो. गिऱ्हाईक दोन-तीन तास गाडी चालवून येणार, महागडं तिकीट काढणार. ते सकाळी उठल्या उठल्या विचारतं, आज जाऊ की नको?

हा रिपोर्ट तयार होतो अंधारात. रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या गाड्या रात्रभर उतारांवरचा बर्फ दाबून सपाट करतात. पहाटे कर्मचारी एका सपाट फळीवर उभी मोजपट्टी लावलेली असते तिथे जातात, किती बर्फ पडला ते बघतात आणि फळी पुसून साफ करतात. पुसायची का? तर पुढच्या वेळी फक्त नवीन पडलेलाच मोजला जावा म्हणून. जुना माल नव्यात मिसळू नये! मग स्की पेट्रोलचे लोक उतार तपासतात, वारा बघतात, काय उघडायचं ते ठरतं. लोक घरातून निघायच्या आत रिपोर्ट बाहेर पडतो.

त्यात साधारण एवढ्या गोष्टी असतात:

- गेल्या २४ तासांत नवीन बर्फ किती पडला.
- बेस किती, म्हणजे जमिनीवर एकूण साचलेला थर. पायथ्याशी वेगळा, माथ्यावर वेगळा.
- किती लिफ्ट चालू आहेत, कुठली वाऱ्यामुळे थांबवली आहे.
- किती ट्रेल, म्हणजे घसरायचे मार्ग, उघडे आहेत आणि त्यातले कुठले रात्री सपाट केलेत.
- बर्फ कसा आहे: भुसभुशीत, दाबलेला की कडक.
- तापमान आणि वारा.

प्रत्येक ट्रेलला खूण असते. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. त्यामुळे नवशिक्याला घरी बसून कळतं की आज आपल्यासाठी काय उघडं आहे. आणि दिवसात काही बदललं, म्हणजे वारा वाढून लिफ्ट थांबली, तर रिपोर्टही बदलतो.

आपल्या गुलमर्गचंच उदाहरण घ्या. तिथली गोंडोला दोन टप्प्यांत आहे. पहिला गुलमर्ग ते कोंगडोरी, दुसरा कोंगडोरीपासून वर अफरवट डोंगरावर. वारा किंवा हिमवृष्टी जास्त असली की वरचा टप्पा बंद राहतो. म्हणजे "गोंडोला चालू आहे" हे वाक्य खरं असूनही अर्धवट असू शकतं. कुठला टप्पा चालू आहे, ते सांगितलं तरच गिऱ्हाइकाला उपयोग.

खोटं न बोलता फसवायचं कसं?

आता दुसरी बाजू. हा रिपोर्ट लिहितं कोण? रिसॉर्टच! म्हणजे विकणाराच स्वतःच्या मालाला मार्क देतोय. मग शब्दांचा खेळ सुरू होतो.

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंड भागात, 'फ्रोझन ग्रॅन्युलर' असा शब्द रिपोर्टमध्ये दिसतो. गोठलेला दाणेदार बर्फ. ऐकायला छान वाटतं, पण तिथले जुने लोक वाचून हसतात, कारण पायाखाली बऱ्याचदा निव्वळ गुळगुळीत बर्फाची लादी असते. कुणी फक्त माथ्यावरचा बेस सांगतं, पायथ्याचा सांगत नाही. एखादा ट्रेल 'उघडा' म्हणून मोजतात, पण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना माती आणि मध्ये कृत्रिम बर्फाची अरुंद पट्टी.

ओळखीचं वाटतंय? आपल्याकडे "स्टेशनपासून ५ मिनिटं" असं लिहिलेले फ्लॅट असतात. "मर्यादित स्टॉक" असा बोर्ड वर्षभर लटकतो. आणि "उद्या या, माल येतोय" हे तर आपण सगळेच म्हणतो.

अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला. रिसॉर्टनी जाहीर केलेला नवीन बर्फ त्यांनी हवामान केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिला. २००९ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की शनिवार-रविवारी रिसॉर्ट सुमारे २३ टक्के जास्त नैसर्गिक बर्फ जाहीर करत होते.

आता सांगा, ढगांना रविवार कळतो का? ढगांना नाही, पण गल्ल्याला कळतो.

जिथे फुगवून सांगण्यात फायदा जास्त, तिथे फुगवणंही जास्त दिसलं. मोठ्या लोकवस्तीच्या जवळची रिसॉर्ट जास्त फुगवत होती. 'आवडलं नाही तर पैसे परत' अशी हमी देणारी कमी फुगवत होती. हे दुसरं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. पैसे परत द्यायची तयारी असली की माणूस बोलताना आपोआप सांभाळून बोलतो.

याच अभ्यासाच्या शेवटच्या काळात एका आयफोन ॲपमध्ये नवीन सोय आली. उतारावर उभं राहून कुणीही लिहू शकत होतं की इथे खरंच किती बर्फ आहे. लगेच फुगवणं एकदम कमी झालं. आणि जिथे फोनला रेंज चांगली होती, तिथे विशेष कमी झालं!

मला यातून हे दिसतं की ते रिसॉर्टवाले काही चोर नव्हते. शुक्रवारी रात्री मोह होतो, आणि पकडलं जाण्याची भीती नसते. माझ्या काउंटरवर नऊ हजार चारशेच्या बिलापुढे मला झाला तोच मोह.

जिवाशी खेळ असतो तिथे

एक गोष्ट अजून. बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका, म्हणजे ॲव्हलान्च, हा जिवाचा प्रश्न आहे. तिथे तो अंदाज विकणाऱ्यावर सोडत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये दावोस इथली एसएलएफ ही संशोधन संस्था हिवाळ्यात रोज धोक्याची पातळी जाहीर करते, १ ते ५ अशी. आपल्याकडे हिमालयासाठी डीआरडीओची डीजीआरई ही संस्था असे इशारे देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. म्हणजे बर्फ नाही म्हणून रडणाऱ्या जानेवारीनंतर एका महिन्याच्या आत, बर्फ आहे म्हणून धोका. परिस्थिती इतक्या लवकर पालटते. मागच्या महिन्याची माहिती आज विकणं म्हणूनच चुकीचं.

तुमचा धंदा खाण्याचा, औषधाचा, लहान मुलांच्या वस्तूंचा किंवा विजेच्या कामाचा असेल, तर "चालेल हो" हा शब्द तोंडातून काढूच नका. तपासलेलं असेल तर तपासलंय म्हणा. नसेल तर नाही म्हणा.

"ताई, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक येणारच नाही"

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. मी गोड बोलून टाळणार नाही. हो, काही गिऱ्हाईक जाईल. आज बर्फ पातळ आहे असं सांगणाऱ्या रिसॉर्टकडे त्या दिवशी गाड्या कमी येतील. शेजारचा फुगवून सांगत असेल तर त्याच्याकडे जातीलही. स्पर्धा असली की सगळे आपोआप खरं बोलतात, असं काही होत नाही. मी स्वतः बोर्ड लावायला लागल्यावर पहिल्या महिन्यात किती तरी लोकांना "आज नाहीये" सांगून परत पाठवलं. घरी आईने विचारलं, "दुकान विकायला उघडलंयस की लोकांना घालवायला?"

पण एक नीट समजून घ्या. चांगला स्नो रिपोर्ट रडगाणं गात नाही. तो सांगतो, आज कुणी यावं. "वरचे अवघड उतार बंद आहेत, पण खालचे हिरवे ट्रेल रात्री सपाट केलेत, लहान मुलांना घेऊन या." एका वाक्यात दोन गोष्टी झाल्या. तरबेज माणसाचा दिवस वाया गेला नाही, आणि नवशिक्या कुटुंबाला आमंत्रण मिळालं. त्या तरबेज माणसाला पुढच्या वेळी "वरचे उतार उघडलेत" असं वाचायला मिळालं, की तो डोळे झाकून निघणार.

काही ट्रेनर शिकवतात, "आधी हो म्हणा, मग बघू." मला हे पटत नाही. मोठ्या कंपनीला एक गिऱ्हाईक गेलं तरी फरक पडत नसेल. आपलं दुकान चार गल्ल्यांवर चालतं. त्या चार गल्ल्यांत आपला शब्द एकदा पडला, की उचलून ठेवायला कुणी येत नाही.

मी काय करते, तुम्ही काय करू शकता

रोज सकाळी साडेनऊला, शटर उघडल्यावर, दहा मिनिटं. दारातल्या बोर्डवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर चार ओळी:

१. आज नवीन काय आलं. फक्त आज आलेलं. कालचं पुसायचं, त्या फळीसारखं.

२. काय, किती शिल्लक. "मुलांचे रेनकोट, ६ ते ८ वर्षं, ५ नग." आकडा लिहायचा, "भरपूर" लिहायचं नाही.

३. काय संपलंय आणि कधी येणार. तारीख पक्की नसेल तर "अजून कळलं नाही" असं लिहायचं. हे लिहायला सुरुवातीला हात जड होतो. लिहा तरी.

४. आज काय सांभाळायचं. "या लॉटमधल्या निळ्या बॅगांची चेन कडक आहे, ओढून बघून घ्या."

खाली वेळ टाकायची. दुपारी काही संपलं तर तिथेच खोडायचं. वेळ नसलेला रिपोर्ट म्हणजे शिळी भाकरी.

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्यांनी लिहावं, "आज भेंडी नाही, दोडका आहे, साडेबाराला तयार." मोबाईल दुरुस्तीवाल्यांनी लिहावं, "या मॉडेलचा डिस्प्ले नाही, बॅटरी तासाभरात बसवून मिळेल." घरून केक करणाऱ्यांनी लिहावं, "शनिवारच्या ऑर्डर भरल्या, रविवारी दोन घेऊ शकते." आणि जिथे जमेल तिथे परत घेण्याची हमी द्या, छोटी का होईना. ती गिऱ्हाइकासाठी असतेच, पण ती तुमची जीभही ताब्यात ठेवते.

यामुळे माझी विक्री दुप्पट झाली का? नाही. तसं सांगितलं तर तेही शनिवारचं बर्फ झालं. पण आता लोक फोन करून "बोर्डवर आहे ना, मग बाजूला काढून ठेवा" म्हणतात. मी आहे म्हटलं तर आहे, यावर ते निघतात. आणि हिवाळ्यात कुणी मनाली-गुलमर्गसाठी बूट घ्यायला आलं, की मी आधी फोन काढून तिथला आजचा फोटो आणि हवामान दाखवते. कधी कधी बूट विकले जात नाहीत.

काकू अजूनही येतात. गेल्या पावसाळ्यात नातवाला रेनकोट घेऊन गेल्या. हसून बोलतात, मनात काही ठेवलेलं दिसत नाही. पण आता त्या बोर्ड वाचतात, चेन ओढून बघतात, शिवण तपासतात आणि पैसे देतात. "असंल ना गं?" असं काही विचारत नाहीत.

गिऱ्हाईक भांडलं तर अजून नातं आहे समजा. त्याने विचारणंच बंद केलं, तर काय गेलं ते हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

आजचा गृहपाठ: उद्या सकाळी दुकान उघडल्यावर, किंवा घरूनच काम करत असाल तर पहिला फोन घ्यायच्या आधी, या चार ओळी लिहा. सात दिवस लिहा. तिसरी ओळ, म्हणजे काय नाहीये ती, एकदाही गाळू नका. आठव्या दिवशी इथे कमेंटमध्ये सांगा की कुठली ओळ लिहिताना हात थांबला. पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरच बोलू.

भेटू या. तोपर्यंत फळी रोज पुसत राहा!